सेवा करणाऱ्या हातांचा इतिहास

सेवासंस्थेचा इतिहास लिहिताना संस्थापकांची दूरदृष्टी, दात्यांचे औदार्य आणि वास्तूंची उभारणी यांचा गौरवपूर्ण उल्लेख होतो, आणि तो उचितच आहे. परंतु बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना रोज न्हाऊ-माखू घालणारे, घास भरवणारे, अपस्माराचा झटका येताच मध्यरात्री धावून जाणारे जे कर्मचारी असतात, त्यांची नोंद पगारपत्रकापलीकडे क्वचितच आढळते. ही उपेक्षा किती महागात पडते, याची साक्ष ब्रिटनमधील एका रुग्णालयाचा इतिहास देतो.

वेल्समधील कार्डिफ शहरातील ईली रुग्णालयाची वास्तू एकोणिसाव्या शतकात निराधार मुलांसाठी उभारलेली होती. १९४८ साली ती ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे आली. तेथे बौद्धिक दिव्यांग रुग्ण वर्षानुवर्षे राहत. १९६७ साली तेथील एका साहाय्यक परिचारकाने रुग्णांशी होणाऱ्या रांगड्या वर्तनाविषयी व त्यांच्या अन्नवस्त्रांच्या अपहाराविषयी केलेल्या तक्रारी एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्या. जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६९ साली मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी जनतेपुढे ठेवला.

त्या अहवालाचे मर्म आजही विचार करण्याजोगे आहे. तक्रारींत पुष्कळ तथ्य आढळले. तथापि त्यांच्या मुळाशी समितीला केवळ दुष्टपणा दिसला नाही. अपुरे मनुष्यबळ, दाटीवाटीचे कक्ष, जुनाट पद्धती, प्रशिक्षणाचा व देखरेखीचा अभाव अशा परिस्थितीत साधी माणसेही हळूहळू कठोर होत गेली होती. त्याहून गंभीर बाब म्हणजे, अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या कर्मचाऱ्यालाच त्रास भोगावा लागत होता. मग बाकीच्यांनी मौन पत्करले, यात नवल ते काय?

या प्रकरणानंतर रुग्णालयांची पाहणी करणारी स्वतंत्र सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. १९७१ च्या श्वेतपत्रिकेने मोठ्या रुग्णालयांतील खाटा कमी करून समाजातच सेवा उभारण्याचे धोरण मांडले. पेगी जे यांच्या समितीने १९७९ च्या अहवालात तर थेट कर्मचाऱ्यांची संख्या व प्रशिक्षण हाच विषय हाती घेतला. ईली रुग्णालय अखेर १९९६ साली बंद झाले.

दरम्यान या अवस्थेला नावही मिळाले होते. १९७४ साली अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी सेवाभावी कार्यकर्त्यांमध्ये आढळणाऱ्या 'बर्नआऊट'चे वर्णन केले. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे मांडली : भावनिक थकवा, समोरच्या व्यक्तीविषयी निर्विकारपणा आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे वर्णन व्यवसायाशी निगडित स्थिती असे केले. तो रोग मानलेला नाही. म्हणजेच उपाय कामाच्या रचनेतही शोधावा लागतो.

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली आणि पुण्याची कामायनी १९६४ साली सुरू झाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला व नोंदणीला अधिष्ठान दिले. परंतु वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याला उचलून बसवणारी आया आणि रात्रपाळीचा मदतनीस यांच्याकडे समाजाचे लक्ष अजूनही कमीच जाते. मूल एखादा शब्द शिकायला वर्ष घेते, कधी अचानक चावते, ओरबाडते. आणि तरीही दुसऱ्या दिवशी तितक्याच मायेने त्याला जवळ घ्यावे लागते. हे केवळ पगारावर होत नाही. पण अपुऱ्या पगारावर फार काळ टिकतही नाही.

दान देणाऱ्याने इमारतीबरोबर या हातांचाही विचार करावा. पुरेशी माणसे, नियमित सुट्टी, योग्य प्रशिक्षण आणि निर्भयपणे बोलण्याची मुभा या चार गोष्टींवर झालेला खर्च हा खर्च नव्हे, ती सेवेची मुद्दल आहे. ती जपली गेली, तरच सेवेचे पुण्य पदरी पडेल.