व्हॅम्पायर उमराव कधी झाला?

व्हॅम्पायर म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो फिकट चेहऱ्याचा, देखणा उमराव. ही मूर्ती लोकसमजुतीतली नाही, ती साहित्याने घडवली. 1718 मध्ये उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाकडे गेला आणि तिथल्या खेड्यांतली भीती सरकारी कागदांवर उतरू लागली. 1725 मध्ये किसिल्येवो गावात आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. मरताना त्यांनी नाव घेतलं ते दहा आठवड्यांपूर्वी पुरलेल्या पीटर प्लोगोयोविट्झचं. तो रात्री येऊन गळा आवळतो, असं ते सांगत. थडग्यातून उकरलेलं प्रेत फ्रोमबाल्ड या सरकारी अधिकाऱ्याने पाहिलं. जुनी कातडी सुटून खाली नवी दिसत होती, तोंडात ताजं रक्त होतं, असं त्याने नोंदवलं. प्रेत कुजतानाच हे सारं घडतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. गावकऱ्यांनी मात्र छातीत टोकदार खुंटा ठोकून प्रेत जाळलं. त्यांचा व्हॅम्पायर गावातलाच एक शेतकरी होता, आणि त्याची भीती साथीच्या रोगासारखी होती.

यावर कोणी म्हणेल, आजच्या व्हॅम्पायरमधली वासना तिथेही होतीच. आक्षेप वजनदार आहे. प्रेतावर दिसलेल्या काही ‘रानटी खुणा’ आपण आदरापोटी लिहीत नाही, असं फ्रोमबाल्ड म्हणतो, आणि त्यांचा लैंगिक अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. पण ती वासना मेलेल्याची आहे. जिवंतांना त्याची ओढ नाही. त्याच अहवालात प्लोगोयोविट्झची बायको सांगते की नवरा येऊन आपले जोडे मागत होता. ती गाव सोडून गेली.

ओढ आली ती पुस्तकांतून. 1816 मध्ये जिनिव्हाजवळ कवी बायरनच्या बिऱ्हाडी भुताच्या गोष्टी रचण्याची टूम निघाली. त्याचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची ‘द व्हॅम्पायर’ त्यातूनच जन्मली आणि 1819 मध्ये बायरनच्या नावाने छापली गेली. तिच्यातला लॉर्ड रुथव्हेन लंडनच्या उच्चभ्रू बैठकांत वावरतो आणि स्त्रिया त्याच्याकडे आपण होऊन खेचल्या जातात. माझ्या मते खरा पालट इथे झाला: गावकरी मेलेल्याला भीत होता, वाचक स्वतःच्या मोहाला भिऊ लागला. ल फॅनूच्या ‘कार्मिला’त (1872) तर भीती आणि प्रेम वेगळं काढताच येत नाही.

ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (1897) मात्र अजून अर्धा त्या जुन्या थडग्यातलाच आहे. त्याच्या तळहातावर केस आहेत, श्वासाला दुर्गंधी आहे. 1924 मध्ये हॅमिल्टन डीनने कादंबरीचं नाटक केलं. रंगमंचावरच्या दिवाणखान्यात वावरायचं, तर ड्रॅक्युलाला अंगावर संध्याकाळचा उंची पोशाख आणि पाहुण्याचा शिष्टाचार हवा होता. तोच पोशाख 1931 मध्ये बेला लुगोसीने पडद्यावर नेला.