दुष्काळानंतरचे काम : रोजगार हमीचा पूर्वेतिहास

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात 1970 पासूनच पाऊस हात राखून पडत होता. सोलापूर, अहमदनगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगली या जिल्ह्यांना त्याची झळ आधी लागली होती. 1972 च्या खरिपात पावसाने पुरतीच पाठ फिरवली. राज्यातील लागवडीखालच्या जमिनीपैकी दहावा हिस्साही त्या काळी ओलिताखाली नव्हता. त्यामुळे पीक बुडाले आणि त्याबरोबर पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी ही शेतमजुराची वर्षभराची कामेही बुडाली. लहान शेतकऱ्याची गत वेगळी नव्हती. दावणीची जनावरे छावणीत किंवा बाजारात गेली आणि सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस मजुरांच्या रांगेत उभा राहिला.

सरकारने दुष्काळी कामे काढली. ही रीत जुनी होती. 1876 ते 1878 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात अशी कामे निघाली होती, आणि सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुरांचे रोजचे धान्य सुमारे एक पौंडावर आणल्यावर मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली होती. पुढे 1880 च्या दशकात दुष्काळ संहिता आल्या, त्यांचाही मुख्य आधार सरकारी काम हाच होता. मात्र 1972-73 च्या कामांचा आवाका आधीच्या कोणत्याही कामांपेक्षा मोठा होता. मे 1973 मध्ये कामावरील मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांवर गेली. 1971 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या होती सुमारे 5 कोटी. म्हणजे दर दहा माणसांमागे एक जण खडी फोडत होता, रस्त्यावर माती टाकत होता किंवा पाझर तलावाच्या पाळीवर पाट्या वाहत होता. मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ) हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले ते याच वर्षात.

या कामांमुळे उपासमारीचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. रेशनचे धान्य अपुरे होते, तरी मजुरीचा पैसा हाती असल्यामुळे लोक बाजारातून धान्य विकत घेऊ शकले आणि धान्य दुष्काळी भागाकडे ओढले गेले, हे त्यांनी दाखवले. दुष्काळात मजुरी हीच रसद होती. हा निष्कर्ष पुढे जगभर दुष्काळ निवारणाच्या चर्चेत आधारभूत ठरला.

1973 च्या पावसाळ्याने दिलासा दिला. पण पीक परतले म्हणून काम लगेच परतले नाही, आणि या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बैल विकलेल्या शेतकऱ्याला नांगरट भाड्याने करून घ्यावी लागत होती. त्यात बियाणे उसने आणि डोक्यावर सावकाराचे देणे. ज्याला स्वतःचे रान उभे करता येत नाही, तो दुसऱ्याला मजुरी कुठून देणार? शिवाय कोरडवाहू शेतीत चांगल्या वर्षीही काम हंगामापुरतेच असते. दिवाळीनंतर गावे रिकामी होऊ लागत. बीड आणि नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जाई. बाकीचे मुंबई-पुण्याची वाट धरत. ही वाट दुष्काळाने रुंद केली आणि पावसाने ती बंद केली नाही. ज्यांनी पावसाच्या पहिल्या सरीबरोबर संकट संपले असे मानले, त्यांनी शेतीचे उत्पन्न पाहिले, माणसाचे काम पाहिले नाही.

हा फरक वि. स. पागे यांनी दुष्काळाच्या आधीच ओळखला होता. 1960 पासून दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती असलेले पागे सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात 1965 मध्ये त्यांच्या पुढाकाराने मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 च्या आपल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात ग्रामीण कामांचा मोठा कार्यक्रम हाच उपाय सुचवला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने 1972 मध्ये रोजगार हमीचा निर्णय घेतला, पण दुष्काळाच्या लोंढ्यात तो दुष्काळी कामांतच मिसळून गेला. 1974 पासून योजना स्वतंत्रपणे उभी राहिली. 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

पैशाची सोय धाडसी होती. 1975 मध्ये व्यवसाय कर आला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा आणि जमेइतकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. कराचा मोठा भार अर्थातच मुंबईवर पडला. शहराच्या पगारातून खेड्यातील मजुरी देण्याचा हा व्यवहार कायद्याने बांधला गेला, हे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला भूषणावह आहे.

कायद्याने मजुराला हक्क दिला. अठरा वर्षांवरील ग्रामीण स्त्री-पुरुषाने काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. मजुरी कामाच्या मोजमापावर, आणि स्त्री-पुरुषांना एकाच दराने. शेतावर बाईला नेहमी कमी मजुरी मिळत असे, म्हणून बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या. खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असावा आणि मृद-जलसंधारणाच्या कामांना अग्रक्रम मिळावा, असाही दंडक होता.

व्यवहारात दुखणी पुष्कळ होती. मस्टरवर (हजेरीपटावर) खोटी नावे चढत, मोजमाप उशिरा होई, मजुरी आठवडे थकत असे. अर्ज घेण्यास टाळाटाळ होई आणि भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडे. रस्ता, विहीर, बंधारा यांचा लाभ जमीन असलेल्यालाच अधिक होतो, ही टीकाही खरी होती. सर्वांत मोठी कसोटी 1988 मध्ये लागली. किमान वेतन दुप्पट झाले, त्याबरोबर हमीची मजुरीही वाढली आणि त्यानंतर कामावरील हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांच्या अभ्यासानुसार याचे कारण मागणी कमी होणे हे नव्हते. कामेच आखडून दिली गेली होती. हमी कागदावर शाबूत राहिली, पण तिचे दार अर्धे लोटले गेले. 1990 नंतर योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. तिचा फायदा झाला, पण तो ज्याच्याकडे जमीन होती त्याला.

2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. 2 फेब्रुवारी 2006 रोजी तो 200 जिल्ह्यांत सुरू झाला आणि 2008 पर्यंत देशभरच्या ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. त्याने कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी मर्यादा नव्हती.