चाचे पकडायला निघालेला कॅप्टन किड स्वतःच फासावर कसा गेला?

समुद्री चाच्यांचा विषय निघाला की कॅप्टन किडचं नाव येतंच. पण हा माणूस मुळात चाचे पकडायला निघाला होता.

विल्यम किड मूळचा स्कॉटलंडचा, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला. १६९६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन तो 'अ‍ॅडव्हेंचर गॅली' या ३४ तोफांच्या जहाजावरून हिंदी महासागराकडे निघाला. चाच्यांची आणि शत्रू फ्रान्सची जहाजं पकडायची, असं ठरलं होतं. पैसा बड्या इंग्रज सरदारांचा होता.

वर्ष उलटलं तरी हाती फारसं काही लागेना. लूट नाही तर पगार नाही, त्यामुळे खलाशी बिथरले. ऑक्टोबर १६९७ मध्ये भांडणात किडने विल्यम मूर या तोफचीच्या डोक्यात बादली घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला.

जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ किडने 'केदाह मर्चंट' हे जहाज लुटलं. त्यावर फ्रेंच परवाना होता, पण मालात औरंगजेबाच्या दरबारातल्या सरदाराचा वाटा होता. मुघलांनी ईस्ट इंडिया कंपनीला धारेवर धरलं. आता किडला पाठीशी घालणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

१६९९ मध्ये त्याला बोस्टनमध्ये अटक झाली. फ्रेंच परवाने हाच चाचेगिरीच्या आरोपावर त्याचा बचाव होता, पण खटल्यात ते मिळालेच नाहीत. खून आणि चाचेगिरी, दोन्हींत तो दोषी ठरला. २३ मे १७०१ रोजी लंडनमध्ये टेम्सकाठी फाशी देताना पहिला दोर तुटला. त्याला पुन्हा लटकवलं गेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते परवाने सापडले, लंडनच्याच सरकारी दफ्तरात.