हाक एकाला, होकार अनेकांचा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आषाढी वारीचे दिवस आले, की विश्रांतवाडीचा चौक नेहमीचा राहत नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीला येते आणि फुलेनगरमार्गे पुण्यात शिरते. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी असतात. कोणी पाण्याचे ग्लास भरतो, कोणी केळी वाटतो. एखाद्या वारकऱ्याला विचारावे, 'काय माउली, यंदाही निघालात?' तर उत्तर मिळते, 'आपण कुठले निघतोय? बोलावणं आलं, की पाय निघतात.'

हे 'बोलावणं' मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. याच विश्रांतवाडीहून येरवड्यावरून नगर रस्त्याला लागलो, की थोड्याच अंतरावर रामवाडी लागते. तिथे बोलावण्याचे आणखी एक घर आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये इथे आली. देशाच्या निरनिराळ्या भागांतली तरुण मुले इथे येतात. तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र, अशी अनेक वर्षे घालवतात आणि शेवटी धर्मगुरू होतात. शेजारीच दि नोबिली कॉलेज आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

धर्मगुरू होण्याच्या या हाकेला मराठी चर्चमध्ये एक खास शब्द आहे, पाचारण. पाळक किंवा फादर होणे ही नोकरी नव्हे, ते देवाचे पाचारण, असे मानतात. पण आपल्याला पाचारण झाले आहे, हे त्या माणसाला कसे कळते? आणि खरे झाले की मनाचे खेळ, हे ठरवायचे कोणी?

बायबलच्या जुन्या करारात शमुवेल नावाच्या मुलाची गोष्ट आहे. तो मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली राहत असतो. रात्री त्याला कोणी नावाने हाक मारते. मुलगा धावत एलीकडे जातो, 'तुम्ही बोलावलंत?' एली म्हणतो, 'नाही, जाऊन नीज.' असे तीनदा घडते. तेव्हा एलीच्या ध्यानात येते, की पोराला देव हाक मारतो आहे. हाक मुलाने ऐकली, पण ती कोणाची, हे दुसऱ्याने ओळखले. ख्रिस्ती परंपरेने यातून धडा घेतला. नुसते 'मला वाटते' पुरेसे नाही, मंडळीनेही ते पारखले पाहिजे. म्हणूनच कॅथलिक दीक्षाविधीत उमेदवाराचे नाव सर्वांसमक्ष पुकारले जाते आणि तो 'हजर आहे' म्हणून पुढे होतो. तो योग्य आहे का, हे बिशप विचारतात, त्याची ग्वाही घेतात आणि मगच त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही प्रश्न विचारले जातात, मंडळीची संमती घेतली जाते आणि हात ठेवून दीक्षा दिली जाते.

महाराष्ट्रात मात्र एकोणिसाव्या शतकात या पारखण्याला वेगळीच धार होती. तिथे उमेदवाराची परीक्षा चर्चच्या आधी घर घेत होते, जात घेत होती, कधी कोर्टही घेत होते.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने श्रीपतला त्यांच्या हवाली केले. पण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून मोठा वाद पेटला. शुद्धी करून घ्यावे, या बाजूने 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका घरातले दोन भाऊ, एक अलीकडे, एक पलीकडे. नारायण शेषाद्री पुढे दीक्षित पाळक झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे गाव वसवले. त्यांच्या वडिलांच्या मनाचा हिशेब मात्र कोणी लिहून ठेवला नाही.

१८५४ साली नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा दिली. तोपर्यंत मंडळीचा कारभार परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होता. या मिशनच्या अमेरिकेतील संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे म्हणणे असे, की मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपणच करावा. बोलायला सोपे, करायला अवघड. मंडळीतली माणसे गरीब. पाळकाचा पगार द्यायचा कोणी? पगार मिशनचा असेल, तर पाळक मंडळीचा की मिशनचा? हा प्रश्न पुढे साठ-पासष्ट वर्षांनी एका कवीच्या आयुष्यात पुन्हा उभा राहणार होता.

त्याआधी पुण्याच्या गुरुवार पेठेत क्षणभर थांबू. पंचहौद चर्चशी नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांचे नाव जोडलेले आहे. मूळ कोकणस्थ घराणे, काशीत वाढलेले शास्त्री. मिशनऱ्यांना वादात हरवायला गेले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन परतले. पण दीक्षेला ते लगेच तयार झाले नाहीत. 'षड्दर्शन दर्पण'सारखा ग्रंथ लिहिणारा हा पंडित बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, डीकन झाला आणि १८७० मध्ये याजक. त्यांची पत्नी लवकर वारली. मुलगी एलन लक्ष्मी परक्या घरी, इंग्लंडमध्ये वाढली. तीही पुढे हिंदुस्थानात परतली आणि १८९७ साली तिने डीकनेस म्हणून सेवाव्रत घेतले. त्या काळी स्त्रीला चर्चमध्ये याहून पुढची पायरी खुली नव्हती.

फादर गोरे १८९५ साली गेले. त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची गोष्ट आपल्याला 'स्मृतिचित्रे'मुळे ठाऊक आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्याने हाती नवा करार ठेवला आणि सांगितले, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. पुढचे सगळे आपण 'टिळकांना हाक आली' या तीन शब्दांत सांगून मोकळे होतो. पण त्याच वेळी लक्ष्मीबाईंना काय आले? त्यांच्या वाट्याला आला आकांत. पदरात लहान मुलगा, नवरा हयात असून नसल्यासारखा. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे. काही काळ त्या पंढरपूरला होत्या. विश्रांतवाडीवरून जाणारी पालखी ज्या गावाला पोहोचते, त्याच गावी ही बाई विठोबाच्या सावलीत आपल्या फुटलेल्या संसाराकडे पाहत बसली होती.

पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आपली चूल वेगळी मांडून. सोवळे-ओवळे आपले, स्वयंपाक आपला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ज्या माणसाचा संताप घरात साऱ्यांना माहीत होता, तो इथे थांबला. आणि लक्ष्मीबाई कोणाच्या शब्दावर नव्हे, स्वतःच्या विचाराने बदलल्या. आधी जातिभेद गळाला, मग बाकीचे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाच वर्षे. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यातल्या विनोदावर हसतो. पण तो विनोद ज्या जमिनीतून उगवला, तिथे ही पाच वर्षे आहेत.

१९०४ साली टिळकांना दीक्षा मिळाली. नारायणराव आता रेव्हरंड टिळक झाले. मला या तारखांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी १८९५, मग १९००, मग १९०४. दीक्षेच्या वेळी हात ठेवले ते पाळकांनी. पण त्याआधी चार वर्षे घरातल्या माणसाने आपला होकार दिला होता, आणि तो मागून घेतलेला नव्हता.

रेव्हरंड टिळकांनी काय केले? नगरच्या धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकवले, 'ज्ञानोदय'चे संपादन केले, भजने आणि अभंग लिहिले. ख्रिस्ती मंडळीत इंग्रजी चालींची गाणी होती, तिथे त्यांनी टाळ-मृदंगाचा सूर आणला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. 'उपासना संगीता'तली त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. घरात बालकवींसारखा पोरसवदा कवी मुलासारखा राहून गेला.

आणि मग १९१७ साल. दीक्षेला तेरा वर्षे झाली होती. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि संन्यास घेतला. साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारे भक्त तिथे एकत्र यावेत, अशी कल्पना. हिंदी माणसाला ख्रिस्त परका वाटतो, कारण तो परदेशी पगाराच्या माणसांकडून आणि परदेशी वेषात येतो, हे त्यांच्या मनाला लागून राहिले होते. १८५४ चा तो प्रश्न, पाळक कोणाचा, त्याला टिळकांनी स्वतःपुरते उत्तर दिले.

इथे रामवाडीच्या कॉलेजचे नाव आठवा. रॉबर्टो दि नोबिली हा इटालियन जेझुइट सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईला संन्याशाच्या वेषात, संन्याशाच्या आहारावर राहिला होता आणि त्यासाठी त्याला आपल्याच माणसांचे बोल खावे लागले. तो परदेशातून येऊन संन्यासी झाला. टिळक या मातीतले असून त्यांना परत या मातीत येण्यासाठी संन्यास घ्यावा लागला.

पण संन्यास म्हटला, की पुन्हा घर आलेच. पगार गेला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या हातातला महिन्याचा आधार गेला. दुसऱ्यांदा नवऱ्याला हाक आली आणि दुसऱ्यांदा बायकोच्या संसाराची घडी मोडली. फरक एवढाच, की या वेळी ती बाहेर उभी नव्हती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईला वारले. 'देवाचा दरबार' त्यांच्यामागे फार टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धेच नव्हे, त्याहूनही कमी झाले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. जिला नवऱ्याने अक्षरे शिकवली, तिने त्याचा ग्रंथ पुरा केला. लक्ष्मीबाईंना कोणी दीक्षा दिली नाही, नावामागे रेव्हरंड लागले नाही. पण टिळकांना आलेली हाक शेवटपर्यंत कोणी पेलली, असे विचारले तर उत्तर सोपे आहे.

टिळकांची कल्पनाही अगदीच वाया गेली नाही. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे त्याचा आश्रम पुण्याच्या शिवाजीनगरात उभा राहिला. त्याच संघात आलेला व्हेरिअर एल्विन आदिवासींमध्ये गेला आणि १९३० च्या दशकात त्याने चर्च व दीक्षा दोन्ही सोडली. हाक ऐकून निघालेला माणूस कुठे पोहोचेल, हे निघताना त्यालाही ठाऊक नसते.

काळ बदलला. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने २०२४ मध्ये व्हायोलेट नायक यांना. एलन लक्ष्मी गोरे जिथे थांबली, त्याच्या पुष्कळ पुढे पाऊल पडले आहे. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षा अजूनही पुरुषांनाच मिळते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूचा झगा आणि मराठी सारस्वत यांत अंतर नाही, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

तरीही एक गोष्ट बदललेली नाही. आजही एखाद्या घरात रात्री जेवताना मुलगा म्हणतो, 'मला सेमिनरीत जायचंय.' आईचा हात पोळीवर थांबतो. बाप पाण्याचा पेला उचलतो आणि तसाच ठेवतो. एकुलता एक असेल तर अधिकच. त्या घरातल्या कोणाला लगेच आनंद झाला नाही, तर त्यांची श्रद्धा कमी, असे समजू नये. त्यांना थोडा वेळ द्यावा. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली होती, आणि त्या पाच वर्षांनी टिळकांचे पाचारण खोटे ठरले नाही.