जकातीचा रांजण

जकातनाका दिसला, की भल्या भल्या माणसाचा चेहरा एकदम निरागस होतो. परदेशातून परतलेला पापभीरू गृहस्थसुद्धा कस्टमवाला समोर आला, की उगीचच छताकडे बघू लागतो. आमच्या जुन्नर तालुक्यात ही विद्या दोन हजार वर्षांची जुनी आहे.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल हा घाट चढून देशावर यायचा. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असं जुने लोक सांगत आले. ना पावती, ना तीन प्रतींतला फॉर्म, ना 'सुटे द्या'! संध्याकाळी ती रोकड कोण मोजत असेल, या विचारानंच माझ्यासारख्या बँकेच्या कारकुनाला घाम फुटतो.

हिशेबाला मात्र ही माणसं पक्की! तिथल्याच लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत या आकड्यांची गणना होते. आमच्या खतावणीची ही पणजीच म्हणायची!

व्यापाऱ्याची फरफट तेव्हाही चुकली नव्हती. आपल्याकडून गेलेल्या मालावर रोमन साम्राज्य २५ टक्के जकात घेई. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ तर बजावतो, की कल्याणला लागलेलं ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती आहे. माल राहिला बाजूला, गलबतच जप्त!

मग माणसं या वाटेला येत तरी का? घाटात जाऊन पाहावं. डोंगर फोडून काढलेली वाट, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पाठ टेकायला लेणं. दिलेल्या पैशाचं काय झालं, हे वाटसरूला चढता चढता दिसत होतं. महाराष्ट्रातले शेवटचे जकातनाके १ जुलै २०१७ ला मुंबईत बंद झाले. तिथल्या रांगेत कुणाला पाण्याचा पेला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे परदेशी मंडळींचे, दानलेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्यानं भोजनमंडप. परमुलखात येऊन, जकातीखेरीज, पदरचे पैसे घालून! जकात कुणाच्याही गळ्यात हात घालून घेता येते. असं दान मात्र मुलूख आपला वाटल्याशिवाय हातून सुटत नाही.