आधी ओळख, मग नेम : शिकाऱ्याच्या स्वस्त दुर्बिणीची कथा



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या भुवया वर गेल्या असतील. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा छंद संपुष्टात आणला. मग बेताच्या पैशांत शिकाऱ्याने दुर्बीण कशी निवडावी, ही उठाठेव आपण का करावी? माझे उत्तर सरळ आहे. अंधुक उजेडात समोर काय आहे ते निश्चित ओळखावे कसे, या प्रश्नाची तड लावताना दुर्बीण आजच्या रूपाला आली. हा प्रश्न सर्वांत निकराने शिकाऱ्यापुढे उभा राहतो, कारण त्याची चूक त्याला परत घेता येत नाही.

जर्मनीतल्या एखाद्या रानाच्या कडेला उभारलेले मचाण डोळ्यांपुढे आणा. सूर्य मावळला आहे. तेथील कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की सूर्यास्तानंतर दीड तास उलटला म्हणजे रात्र झाली असे समजावयाचे आणि रानडुकराखेरीज कोणत्याही खुराच्या जनावरावर गोळी झाडावयाची नाही. हरणे बाहेर पडतात ती नेमकी याच दीड तासात. झाडोऱ्यातून एक आकृती पुढे येते. ती नर की मादी? मादी असेल तर तिच्यामागे गवतात पाडस आहे काय? पिलाचे संगोपन करणारी मादी मारणे हा तेथे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आई पडली म्हणजे मागे राहिलेल्या पाडसाचे काय होते, हे सांगायला नको. जनावर असे ओळखण्याला जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीत ‘आनश्प्रेखेन’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘एखाद्याशी बोलणे, त्याला संबोधणे’ असा आहे. गोळीआधी ओळख व्हावी, हा संस्कार त्या शब्दातच आहे.

कोणी म्हणेल, बंदुकीवर दुर्बीण असतेच, वेगळी कशाला? पण त्या दुर्बिणीतून पाहायचे म्हणजे नळी रोखूनच पाहायचे. झुडपामागची हालचाल अळंबी वेचणाऱ्या बाईची निघाली, तर ती ओळख पटेपर्यंत बंदूक तिच्यावर रोखलेली असते! म्हणून हातातली दुर्बीण ही शिकाऱ्याची चैन नव्हे. ती त्याची पहिली जबाबदारी आहे. आणि जबाबदारी केवळ श्रीमंतांना परवडून चालत नाही. यासाठीच या वस्तूच्या स्वस्ताईचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

‘दुर्बीण’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. वस्तूचा कागदोपत्री इतिहास मात्र हॉलंडात सुरू होतो. १६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्गचा चष्मे करणारा हान्स लिपरहे आपली नळी घेऊन तेथील राज्यसभेपुढे गेला. सभेने ती पाहिली, वाखाणली, आणि दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आण, असे फर्मावले. म्हणजे दुर्बिणीचा जन्म होतो न होतो तोच जोडदुर्बिणीची मागणी पुढे आली. लिपरहेला त्याबद्दल नऊशे गिल्डर मिळाले. मक्ता मात्र मिळाला नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचे दिसून आले. नऊशे गिल्डरांची वस्तू सामान्य शिकाऱ्याच्या खांद्यावर येण्यास पुढे तीनशे वर्षे लागली.

एवढा काळ का लागला? गॅलिलिओने वापरलेल्या साध्या रचनेत पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग असते. चित्र सुलट दिसते, नळी आखूड राहते, खर्चही थोडा. व्हिएन्नाच्या फोग्टलेंडरने १८२३ च्या सुमारास अशा दोन नळ्या जोडून नाटकगृहासाठी दुर्बिणी केल्या. पण तीन-चार पटींच्या पुढे गेले की या रचनेतून दिसणारा देखावा किल्लीच्या भोकातून पाहावे तसा आकुंचित होतो. म्हणून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले हरणांचे माग काढणारे लोक एकनळीची लांब, ओढून उघडायची दुर्बीण बाळगीत आणि उताण्याने पडून, ती गुडघ्यावर टेकवून तासन्‌तास डोंगर न्याहाळीत. बोअर युद्धात लॉर्ड लोव्हॅट याने १९०० साली याच मंडळींची टेहळणी पलटण उभी केली.

आखूड नळी, मोठे चित्र आणि रुंद देखावा, या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याची किल्ली इग्नात्सिओ पोर्रो या इटालियन माणसाने १८५४ साली शोधली होती. प्रकाशाला काचेच्या लोलकांतून वळणे घेत नेले म्हणजे उलटे चित्र सुलटे होते आणि लांब वाट थोड्या जागेत घडी होऊन बसते. कल्पना अचूक, पण त्या वेळची काच गढूळ. इतक्या जाड काचेतून जाताना बराचसा प्रकाश वाटेतच गळे. पुढे येना येथे ओटो शोट याने १८८४ साली काचेचा कारखाना काढला आणि निर्मळ काच हाती आली. मग कार्ल झाइसच्या कारखान्यातील एर्न्स्ट आबे याने ती कल्पना पुन्हा उभी केली, पुढची भिंगे एकमेकांपासून दूर सरकवून देखाव्याला खोली आणली, आणि १८९४ साली लोलकांची जोडदुर्बीण बाजारात आली. हा आबे सूतगिरणीतल्या मजुराचा मुलगा. वडिलांचे चौदा-चौदा तासांचे कष्ट त्याने पाहिलेले. १९०० साली त्याच्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला, ही गोष्ट जाता जाता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मात्र दुर्बीण महागच राहिली. आबेच्या रचनेचे पेटंट १९०८ साली संपले, तेव्हा इतर कारखान्यांना वाट मोकळी झाली. तरी काचेची विद्या जर्मनीबाहेर फार थोड्यांना अवगत होती. त्याचे प्रत्यंतर १९१४ साली आले. युद्ध पेटले आणि ब्रिटिश सैन्याला दुर्बिणी पुरेनात. एके काळी हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले वृद्ध लॉर्ड रॉबर्ट्स यांनी जनतेला आवाहन केले, की शिकारीच्या, घोड्यांच्या शर्यतीच्या, घरात असतील त्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या! पुढे अमेरिकेच्या आरमारालाही असाच पदर पसरावा लागला. तेव्हा तेथील आरमार खात्यात असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्टनी लोकांकडून दुर्बिणी मागविल्या. सरकारला फुकट घेता येत नव्हते, म्हणून दर दुर्बिणीमागे एक डॉलर भाडे दिले. शिकाऱ्याच्या खुंटीवरची दुर्बीण अशी आगबोटीवर गेली. या टंचाईने राष्ट्रे शहाणी झाली आणि घरोघर काच ओतू लागली. दोन्ही महायुद्धांनंतर सैन्याचा उरलेला माल बाजारात आला, तेव्हा कित्येक शेतकरी शिकाऱ्यांच्या गळ्यात पहिली चांगली दुर्बीण पडली.

आणखी एक शोध याच काळातला. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शेकडा चार-पाच प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरा. शेवटी शंभरातले साठ-पासष्टच डोळ्यांपर्यंत पोहोचतात. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली काचेवर अतिशय पातळ लेप देऊन ही गळती रोखण्याची रीत शोधली. युद्धकाळात ते लष्करी गुपित राहिले. नंतर ते सर्वांचे झाले. संध्याकाळच्या त्या दीड तासात या लेपाइतकी शिकाऱ्याच्या उपयोगाची दुसरी सुधारणा नसेल.

स्वस्ताईचा खरा पूर लोटला तो जपानातून. युद्धानंतर टोकियोच्या इताबाशी भागात लहानलहान कारखाने भिंगे, लोलक आणि नळ्या करू लागले. आरंभी त्यांच्या मालाची अपकीर्तीही झाली. तेव्हा तेथे निर्यातीपूर्वी तपासणीची शिस्त लावण्यात आली आणि तपासलेल्या दुर्बिणीवर ‘पास्ड’ अशी चिकटपट्टी लागू लागली. स्वस्त मालाला तपासणीची जोड मिळाली म्हणजे गरिबाची फसगत टळते, हा धडा त्या चिमुकल्या पट्टीने जगाला दिला.

आता या इतिहासातून निवडीचा नियम काय निघतो ते पाहू. दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागा. येथे पाच आले. डोळ्यांत शिरणारी प्रकाशाची शलाका तेवढ्या मिलिमीटर जाडीची. भर दुपारी आपली बाहुली दोनतीन मिलिमीटर उघडते, अंधारात तरुणाची सातापर्यंत आणि पन्नाशीच्या माणसाची बहुधा पाचाच्या आसपास. म्हणून जर्मन शिकारी रात्रीसाठी ८×५६ पसंत करतात. पण केस पिकलेल्याने ती घेतली तर पैसे आणि वजन यांतले बरेचसे वाया जाते. त्याला ८×४० किंवा ८×४२ पुरे. दुकानदार बारा, सोळा, वीस पटींची भूल घालतो. तिला बळी पडू नये. जितके पट मोठे, तितके पट हाताचे थरथरणेही मोठे, आणि भिंग तेवढेच राहिले तर प्रकाशही कमी. जंगलासाठी सात-आठ पट, मोकळ्या डोंगरासाठी फार तर दहा पट पुरते.

दुसरी गोष्ट लोलकांची. वेटस्लारच्या हेन्सोल्ट कारखान्याने १९०५ साली छपरासारख्या कडेचा लोलक वापरून सरळ नळ्यांची सडपातळ दुर्बीण बाजारात आणली. ती दिसते देखणी, पण त्या लोलकाची कड अत्यंत काटेकोर घासावी लागते, आणि त्यात येणारा एक सूक्ष्म दोष घालवणारा लेप झाइसने १९८८ सालीच आणला. म्हणून पैसे अगदीच थोडे असतील तर पोर्रोची जुन्या बांध्याची, खांदे पडलेली दुर्बीण घ्यावी. त्याच किमतीत ती बहुधा अधिक स्वच्छ दाखवते. मध्यम किमतीची सरळ नळ्यांची घेणे असेल, तर हा लेप आहे की नाही ते विचारून घ्यावे.

परीक्षा दुकानातच करता येते. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची टिकली दिसेल. ती वाटोळी आणि सारखी उजळ असावी. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली, तर लोलकांत काटकसर झाली असे समजा. मग समोरच्या घराच्या पाख्याची आडवी रेघ पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही नळ्यांतली रेघ एका पातळीत राहिली पाहिजे. वरखाली झाली तर नळ्या एकमेकींना समांतर नाहीत, आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागेल. अशी दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी महागच. शेवटी, शक्य असेल तर ती दिवेलागणीच्या वेळी पाहावी. दुपारच्या लख्ख उन्हात कोणतीही दुर्बीण चांगलीच भासते.

श्रोतेहो, बंदूक आणि दुर्बीण यांचे नाते आपल्या मुंबईनेही पाहिले आहे. १८८३ साली तेथे निसर्गेतिहास मंडळी स्थापन झाली, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे तिच्या संस्थापकांपैकी. पुढे १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन, ती कोणती हे विचारायला एक मुलगा या मंडळीच्या दारी आला. तोच पुढचा सलीम अली. त्या मुलाला पक्षी ओळखण्यासाठी तो आधी पाडावा लागला. आज त्याच्या वाटेने जाणारा कोणीही विद्यार्थी बेताच्या किमतीची दुर्बीण डोळ्यांना लावतो आणि फांदीवरच्या जिवंत पक्ष्याची ओळख करून घेतो.

मचाणावरच्या त्या शिकाऱ्याकडे परत जाऊ. उजेड सरत आला आहे. तो दुर्बीण उचलतो. मादीच्या मागचे गवत हलते, दोन कान वर येतात. त्याचा हात बंदुकीकडे जात नाही. त्याने महागडी दुर्बीण घेतली नसेल, पण बरोबर निवडली. आई आणि पाडस चरत चरत रानात शिरतात आणि तो रिकाम्या हाताने घरी जातो. त्याने मोजलेल्या पैशांचे मोल त्या संध्याकाळी पुरेपूर वसूल झाले, असे मी म्हणेन.