हिमालयांतील ओल्या कांचा

यंत्र हातीं आलें म्हणजे दृष्टीहि आली, असें मानण्याकडे मनुष्याचा कल असतो. आज छायाचित्राचें यंत्र जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत आहे. गड चढून गेलेला प्रवासी दरी नीट न्याहाळण्यापूर्वींच तिचीं दहा चित्रें काढून मोकळा होतो. अशा वेळीं एका जुन्या छायाचित्रकाराच्या कामगिरीचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सॅम्युएल बोर्न हा नॉटिंगहॅम येथील पेढीवरचा कारकून. १८६३ सालीं तो हिंदुस्थानांत आला आणि १८६३, १८६४ व १८६६ या सालीं त्यानें हिमालयांत व काश्मिरांत तीन मोठ्या सफरी केल्या. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कांचेची पद्धति त्या काळीं रूढ होती. कांचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, अंधाऱ्या तंबूंत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच यंत्रांत घालून तिला प्रकाश दाखवावयाचा आणि लगेच तंबूंत परतून चित्र उमटवावयाचें. थर वाळला कीं कांच फुकट गेली! सारांश, रसायनशाळाच बरोबर घेऊन पर्वत चढावा लागे.

इतका खटाटोप करणारा मनुष्य उगाच कांच खर्चीं घालीत नाहीं. कोठें उभें राहावें, ऊन केव्हां कलेल, वारा केव्हां पडेल, याचा विचार तंबू ठोकण्यापूर्वींच करणें भाग असे. कारण पान हललें तरी चित्रांत तें पुसट उमटे. १८६६ सालीं सुमारें १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडींत बोर्ननें चित्रें घेतलीं तीं मोजकींच. पण त्यांतील बर्फाची कड न् कड आजहि स्पष्ट दिसते. त्याच सफरींत तो गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत पोंचला.

तथापि धीर म्हणजे निर्मळ दृष्टि नव्हे. बोर्नचा डोळा विलायती निसर्गचित्रांवर पोसलेला होता. हिमालय त्याला अवाढव्य व चित्राच्या चौकटींत न मावणारा वाटे. काश्मिरांतील पाणी आणि झाडी पाहून मात्र त्याचें समाधान होई. शिवाय ती रसायनशाळा त्याच्या स्वतःच्या पाठीवर नव्हती. पहिल्याच सफरींत सुमारें ३० भारवाहक होते. ते पळून गेले म्हणजे त्यांना शोधून त्यांच्यावर काठी चालविल्याचें त्यानें आपल्या प्रवासलेखांत निःसंकोचपणें नमूद केलें आहे. चित्रांतील शांत शिखरें पाहतांना त्या पहाडी माणसांचे ठेंचाळलेले पाय आपणांस दिसत नाहींत, आणि त्यांचीं नांवेंहि चित्राखालीं लिहिलेलीं नाहींत. म्हणून त्या चित्रांचें मोल कमी होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें मोल कोणीं भरलें, हें विसरून त्यांची वाहवा करणें अपुरें आहे.

१८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति प्रसिद्ध केली आणि पुढें तंबूची गरज उरली नाहीं. ओझें उतरलें, तें उत्तमच झालें. मात्र त्याबरोबर थांबण्याची सक्तीहि गेली. आतां थांबणें ज्याच्या त्याच्या खुषीवर आहे. आणि सक्तीनें थांबण्यापेक्षां खुषीनें थांबणें नेहमींच अवघड असतें. यंत्र उचलण्यापूर्वीं घटकाभर नुसतें पाहावें, आणि आपल्या चौकटीबाहेर कोण उभें आहे तेंहि पाहावें, एवढा बोध त्या जुन्या कांचांपासून घेतां येण्याजोगा आहे.